वाटेवरचं अक्षर

अंबाजोगाईच्या मंडी बाजारामागच्या एका गल्लीत म्हातारा पेंटर राहायचा. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीत उमेदवारांची नावं, असं सगळं त्यानं पन्नास वर्षं हातानं रंगवलं होतं. त्याचं पाळण्यातलं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मोठी माणसं त्याला पेंटर म्हणत आणि पोरंसोरं पेंटर आबा.

पुढं फ्लेक्स आला आणि धंदा बसला. संध्याकाळी सांगितलेला बोर्ड सकाळी दुकानावर झळकू लागला. आबांचे रंगाचे डबे तळाशी सुकले. तरी रोज सकाळी उन्हं चढायच्या आत आबा आपली काळी सायकल बाहेर काढायचे आणि गावाला एक फेरी घालायचे. शेजारीपाजारी म्हणत, म्हातारा हवा खायला निघाला. आबा खरं तर पाट्या वाचायला जायचे. कुठल्या भिंतीचा रंग पोपडे धरून उडाला, कुठल्या जुन्या पाटीवर फ्लेक्स चढला, कुठल्या ट्रॉलीवर कुणी नवं चित्र काढलं, हे सगळं ते थांबून, सायकलचा दांडा मांडीला टेकवून नीट बघायचे.

त्याच गल्लीत नववीतली एक मुलगी आजीजवळ राहायची. तिचे मायबाप ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्या जोडीनं ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून ट्रॉली भरायची. मागं गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं.

या मुलीचा हात चित्रकलेत चांगला होता. दिवाळीत गल्लीतल्या साऱ्या दारांपुढच्या रांगोळ्या तिच्याच. पावसाळ्याच्या तोंडी ती एक दिवस आबांच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली.

“आबा, मला पाट्या रंगवायला शिकवा. चार पैसे मिळाले तर आजीला तेवढाच हातभार लागंल.”

आबांनी तिच्याकडं पाहिलं. “सायकल हाय का तुझ्याकडं?”

“हाय की. बापानं जुनी घेऊन दिलीय.”

“मग उद्यापासून माझ्यासंगं फेरीला चल. ब्रशला इतक्यात हात लावायचा नाही. आधी बघायचं.”

मुलगी थोडी हिरमुसली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल घेऊन दारात हजर झाली.

पहिल्याच फेरीत आबा तिला गावाबाहेरच्या एका पडक्या गोदामाकडं घेऊन गेले. भिंतीवर चुन्याचे थर होते आणि त्या थरांखालून एक उलटा लाल त्रिकोण पुसट दिसत होता. शेजारी चार हसरे चेहरे असावेत. त्यांतले दोनच ओळखू येत होते.

“हे कशाचं?” मुलीनं विचारलं.

आबांनी सांगितलं. १९६० च्या दशकात सरकारनं कुटुंब नियोजनाचा प्रचार वाढवला, तेव्हा देशातल्या बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हतं. शिवाय दर चार जिल्ह्यांनी भाषा बदलायची. तेव्हा कुटुंब नियोजन खात्यातल्या दीप त्यागी नावाच्या अधिकाऱ्यांनी असं चिन्ह निवडलं, की ज्याला अक्षर ओळखायची गरजच पडू नये: आई, बाप, दोन लेकरं आणि लाल त्रिकोण. कुठल्याही गावातल्या माणसाला ते पाहून कळायचं, की इथं दवाखान्याची सोय आहे.

“माझे उस्ताद असे त्रिकोण गावोगाव काढत हिंडायचे. मी त्यांच्या मागं डबा धरून,” आबा म्हणाले. “त्याच्यामागून देवीच्या रोगाच्या भिंती आल्या. देवीचा रोगी दाखवून द्या, हजार रुपये बक्षीस मिळंल, असं लिहायचं काम. तेव्हा हजार रुपयं म्हणजे लई मोठी रक्कम. मी नवा होतो. अक्षराला वेलबुट्टी काढायची हौस होती मला. उस्तादांनी सगळी भिंत पुसायला लावली. म्हणाले, लेकरा, ह्या भिंतीवरून बाजाराला जाणारा माणूस जाणार. त्याच्या डोक्यावर ओझं हाय, त्याला घाई हाय, आणि शाळेत तो दोन वर्षं गेला असंल नसंल. त्यानं एका नजरंत वाचलं तर तो जाऊन खबर देईल. खबर लागली तर एका वस्तीतली माणसं वाचतील. तुझी वेलबुट्टी कुणासाठी हाय?”

देवीचा आपल्या देशातला शेवटचा स्थानिक रोगी १९७५ मध्ये सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या कामात डॉक्टर होते, लस टोचणारे होते, घरोघर फिरणारे कार्यकर्ते होते. आणि भिंतींवर हजार रुपयांचा आकडा ठळक काढणारे, कुठल्याच नोंदीत नसलेले पेंटरही होते.

त्या दिवसापासून आबांनी मुलीला एकच प्रश्न दिला. जे काही दिसेल त्याच्यापुढं थांबायचं आणि विचारायचं, हे कुणासाठी काढलंय?

मग रोजची वाट नवी होऊन गेली. मोंढ्यातल्या आडत दुकानाच्या लाकडी दारावर कुणीतरी फार पूर्वी कोरलेली कणसं तिला दिसली. एका सलूनच्या काचेवर हातानं काढलेला, आता अर्धा उडालेला नटाचा चेहरा दिसला. बियाण्यांच्या जाहिरातीतल्या कपाशीच्या बोंडाखाली तिनं रंगवणाऱ्याची बारीक सही शोधून काढली. शाळेला जाता-येता याच रस्त्यानं ती किती वेळा गेली होती. चालणाऱ्याची नजर पायांखाली असते आणि मोटरसायकलवाल्याची समोरच्या खड्ड्यावर. सायकलवर मात्र मान मोकळी असते, आणि काही दिसलं की एक पाय टेकवला की थांबता येतं. आबा म्हणायचे, गाव बघायला ह्याच्यापेक्षा बरं वाहन नाही.

रविवारी फेरी लांबची असायची. एका रविवारी ते जयंती नदीच्या काठच्या हत्तीखान्यात गेले. एका कातळात कोरलेला मंडप, रांगेनं खांब, अंगणात नंदी आणि दगडी हत्ती. गावातली लेकरं या हत्तींच्या पाठीवर चढून मोठी होतात. मुलगीही लहानपणी चढली होती. आता तिनं हत्तीच्या अंगाला हात लावून, वाकून, छिन्नीच्या खुणा बघितल्या. ज्यांनी हे कोरलं त्यांची नावं गावाला माहीत नाहीत.

दुसऱ्या रविवारी आबांनी तिला खोलेश्वराचं मंदिर दाखवलं. खोलेश्वर हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा सेनापती. बाराखांबी म्हणून लोक ज्याला ओळखतात त्या सकलेश्वर मंदिराच्या शके ११५० च्या, म्हणजे १२२८ सालच्या लेखात त्याचं नाव आहे. त्याचा मुलगा राम गुजरातेतल्या लढाईत पडला. तेव्हा खोलेश्वराच्या मुलीनं, लक्ष्मीनं, भावाच्या आठवणीत १२४० मध्ये हे देऊळ बांधवलं आणि ती हकीगत दगडात कोरवून ठेवली.

मुलगी बराच वेळ गप्प राहिली. “म्हणजे बहिणीनं लिहून ठेवलं म्हणून भाऊ अजून ठाऊक हाय,” ती म्हणाली.

“व्हय. दगडात लिहिलं म्हणून टिकलं. पण लेख संस्कृतात हाय. तवाच्या गावातल्या कुणब्याला, कोष्ट्याला तो वाचता आला असंल का?”

“मग तो कुणासाठी?”

“देवासाठी, राजासाठी, पुढच्या पंडितांसाठी. त्यातबी वावगं काही नाही. बहिणीला भावाचं नाव अमर करायचं होतं, आणि तिनं ते केलं. पण आता मुकुंदराजांकडं बघ. ह्याच लेखांच्या आगंमागं, शके १११० मधी, त्यांनी विवेकसिंधु लिहिला, आणि तो मराठीत लिहिला. ब्रह्म काय, जीव काय, असला अवघड विषय त्यांनी संस्कृत न येणाऱ्याच्या हाती दिला. त्यांनीबी आधी ठरवलं असंल, की वाचणारा कोण हाय.”

त्याच फेरीत दोघं दासोपंतांच्या समाधीशी गेले. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. त्यांनी एवढं लिहिलं, की रोज एका ढबू पैशाची शाई लागायची असं गावात सांगतात. गीतार्णवासारखा अफाट ग्रंथ त्यांचा. पण आबांचा जीव होता तो पासोडीवर. २४ हात लांब आणि अडीच हात रुंद कापड. त्यावर दासोपंतांनी पंचीकरण लिहिलं. पृथ्वी, पाणी, तेज, वारा आणि आकाश यांच्या मेळातून शरीर आणि जग कसं होतं, ते सुमारे १६०० ओव्यांत सांगितलं आणि सोबत आकृत्या काढल्या.

“मी तरुणपणी ती पासोडी बघितलीय,” आबा म्हणाले. “चारशे वर्षांमागचं कापड. अक्षर कुठं हललं नाही. पोथी एकट्यानं मांडीवर घेऊन वाचायची असते. कापड भिंतीवर टांगलं की दहा माणसं बसून बघतील. ज्याला ओवी कळंना त्याला आकृतीवर बोट ठेवून सांगता येईल. मला तर वाटतं, आमच्या धंद्याचे मूळपुरुष तेच.”

सायकली हातात धरून दोघं चढ चढत होते. मुलीनं विचारलं, “आबा, मग आता ब्रश द्याल का?”

आबा म्हणाले, “आता दिला.”

गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याला नवी पाटी हवी होती. शब्द एकच होता: दळण. आबांनी ते काम मुलीला दिलं. पत्र्याला आधी पांढऱ्या रंगाचं अस्तर दिलं. सुताला खडूची पूड चोळून दोन्ही टोकं ताणून धरली, मधोमध टिचकी मारली आणि पत्र्यावर सरळ रेघ उमटली. त्या रेघेवर शिरोरेषा. हात थरथरू नये म्हणून काठी आडवी धरून तिच्यावर मनगट टेकवायचं, हेही आबांनी दाखवलं. पुढचं तिच्यावर सोडलं.

तिनं तीन दिवस जीव ओतला. द च्या पोटातून द्राक्षाची वेल काढली. ळ च्या दोन वाटोळ्यांची दोन फुलं केली. ण च्या उभ्या काठीवर मोरपीस टेकवलं आणि साऱ्याला लाल-हिरवी सावली दिली. गिरणीवाला खूश झाला. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

आबाही थांबले. मनापासून म्हणाले, “हात चांगला हाय तुझा. आता सायकल काढ.”

त्यांनी तिला गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून सायकलवर पाटीसमोरून जायला सांगितलं. ती गेली. “वाचता येतंय की!”

“तुझं धरायचं नाही. तू लिहिलंय, तुला ठाऊकच हाय. आजीला बोलव.”

आजी प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेली. एसटीवरचं गावाचं नाव ती जोडून-जोडून वाचायची. दिवेलागणीची वेळ होती. आजी गिरणीसमोर उभी राहिली, डोळे बारीक केले. “द... मग फुलं हायेत... मग काय हाय गं ते? मोर हाय का?”

मुलीचा चेहरा उतरला. “आबा, लोकांना तर आवडलं.”

“आवडलंच. मलाबी आवडलं. पण परगावची बाई डोक्यावर पायली घेऊन उन्हातून आली, तर तिला गिरणी कुठं ते कळलं पाहिजे. ज्याला वाचता येतं त्याला कसंबी काढलं तरी वाचता येतं. त्याला तुझी गरज नाही. तुझी गरज हाय ती आजीला.”

मग आबांनी तिला आपल्या उस्तादांच्या तीन कसोट्या सांगितल्या. भिंतीवरचं अक्षर आधी सायकलवरून जाताना वाचता यावं, कारण घाई सगळ्यांना असते. दुसरं, ते दिवेलागणीला वाचता यावं, कारण कष्टकरी माणूस त्याच वेळेला घरी परततो. आणि तिसरं, जो सगळ्यात कमी शिकलाय त्याला ते कुणाला न विचारता वाचता यावं, कारण विचारताना माणसाला कमीपणा वाटतो.

“आणि वेल? फुलं? ती काढायचीच नाहीत?”

“काढ की. कडेनं काढ. चौकटीला वेल लाव, कोपऱ्यात मोर बसव. अक्षराच्या अंगावर चढवू नको. अक्षराचं देखणेपण त्याच्या मापात असतं. दोन अक्षरांमधी किती जागा सोडलीस, काना किती दूर ठेवलास, ह्यात सगळा कस हाय.”

मुलीनं रॉकेलच्या बोळ्यानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिली. ठसठशीत काळं दळण, भोवती हिरवी वेल. संध्याकाळी आजीनं लांबूनच वाचलं आणि पुढं काही न बोलता घरात जाऊन दळणाचा डबा आणला.

दसरा जवळ आला तसं मोंढ्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानांपुढं ट्रॉल्यांची रांग लागली. ऊसवाहतुकीला निघायच्या आधी त्यांची डागडुजी होते, फाळके बदलतात, रंग चढतो. उसाच्या घासणीत फ्लेक्स टिकत नाही, म्हणून हे काम अजून पेंटरकडंच होतं. मुलीचे मायबाप ज्या टोळीत होते तिची ट्रॉली त्या रांगेत उभी होती. मालकाला मागच्या फाळक्यावर आपल्या दोन पोरांची नावं हवी होती, झेप घेणारा गरुड हवा होता आणि आई-वडिलांच्या आशीर्वादाची ओळ हवी होती.

“सगळं काढून देतो,” आबा म्हणाले. “फक्त बाजूचे दोन फाळके आम्हाला द्या. पैसे वाढीव नकोत.”

मालक कबूल झाला. आबांनी मुलीला विचारलं, “इथं काय लिहायचं, आणि कुणासाठी?”

तिनं दोन दिवस विचार केला. माय दर वर्षी परत आल्यावर काय-काय सांगते ते तिनं आठवलं. कारखान्यावर कोपीत राहायचं, पहाटं फडात जायचं. आठवड्याच्या बाजाराला साऱ्या टोळ्या ट्रॉल्यांतून जवळच्या गावात जातात. बाजार उरकेपर्यंत अंधार पडतो. मैदानात सारख्याच दिसणाऱ्या ट्रॉल्या उभ्या असतात. हातात पिशव्या, कडेवर लेकरू, आणि आपली ट्रॉली कोणती ते समजत नाही. परमुलखातल्या माणसांना किती वेळा विचारायचं? एकदा माय चुकून दुसऱ्याच टोळीच्या ट्रॉलीत चढली होती आणि मोठ्या मुश्किलीनं आपल्या कोपीवर पोहोचली होती. माय दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर मोठं असलं, सुटं असलं, तर ती वाचते.

“गावाचं नाव लिहू,” मुलगी म्हणाली. “अंबाजोगाई. दोन्ही बाजूंनी, फाळकाभर.”

“रंग?”

मुलीला परळीचं स्टेशन आठवलं. मामाकडं जाताना तिनं फलाटाच्या टोकाचा नावाचा बोर्ड पाहिला होता. “पिवळ्यावर काळं. रेल्वेच्या पाटीसारखं. ते लांबून दिसतं.”

आबांनी मान डोलावली.

पिवळं अस्तर वाळल्यावर तिनं सूत टिचकावलं. अ वरचा अनुस्वार शिरोरेषेला चिकटला तर लांबून गाठ दिसते, म्हणून तो उचलून, टपोरा काढला. ब च्या पोटातली तिरकी रेघ जाड ठेवली, कारण धुळीनं ती रेघ झाकली तर ब चा व होतो. जो ची मात्रा कान्यावर नीट बसवली. गा आणि ई मध्ये बोटभर जास्त जागा सोडली, कारण तिथं फाळक्याची लोखंडी पट्टी येत होती. शेवटी कडेनं, दोन बोटं रुंद, तिनं सीताफळाच्या पानांची वेल काढली. बालाघाटाच्या डोंगरातली, आपल्या घरची.

तिन्ही कसोट्या झाल्या. ती सायकलवरून गेली, वेल्डिंगवाल्याची पोरं गेली, संध्याकाळी आजी येऊन वाचून गेली. दिवाळी झाली आणि एका पहाटे ट्रॉली भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं घेऊन निघून गेली.

थंडीत एका रात्री बापाचा फोन आला. माय बोलायला बसली तेव्हा तिच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं.

“आज बाजार होता,” माय सांगू लागली. “निघायला उशीर झाला. मैदानात निस्त्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. मी उभी राहिले आन् चहूकडं बघितलं. लांबून पिवळं दिसलं. जवळ गेले, वाचलं, अंबाजोगाई. कुणाला इचारलं नाही गं. आपल्या आपण वाचलं आन् जाऊन बसले.”

मुलीला काही बोलायला सुचेना.

“आन् ऐक. आता केजच्या, धारूरच्या बायाबी आपल्याच ट्रॉलीपाशी जमत्यात. बाजारात शिरतानाच एकमेकींला सांगत्यात, चुकामूक झाली तर अंबाजोगाईच्या पाटीखाली उभं राहायचं. लेकरांनासुद्धा तेच सांगून ठेवलंय. परवा एक पोरगं हरवलं होतं, ते तिथंच येऊन बसलेलं घावलं.”

मुलीनं सकाळी सगळं आबांना सांगितलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बऱ्याच वेळानं म्हणाले, “उस्तादांना कळायला पाहिजे होतं हे.”

त्यानंतर फेरीला जाणाऱ्या सायकली वाढल्या. मुलीच्या वर्गातल्या तिघी-चौघी आल्या. हत्तीखाना, बाराखांबी, मुकुंदराजांची समाधी, जुन्या वाड्यांचे दरवाजे, भिंतीवरची जुनी चित्रं, सगळं त्या बघत हिंडायच्या आणि वहीत लिहून ठेवायच्या. त्याच वहीच्या मागच्या पानांवर दुसरी यादी होती. कुठल्या रेशन दुकानाच्या वेळा पुसल्यात, कुठल्या अंगणवाडीचं नाव दिसत नाही, कुठल्या गल्लीच्या तोंडाशी नवखा माणूस गोंधळतो. सुट्टीच्या दिवशी मालकाला, मास्तरांना, ज्याला-त्याला विचारून, परवानगी घेऊन त्या एकेक पाटी लिहू लागल्या. रंग आबांच्या डब्यांतला. लिहून झालं की एकजण सायकल काढायची, दुसरी आजीला हाक मारायची.

आबा आता वर्गातल्या मास्तरांसारखे खुर्ची टाकून बसत. एखादी पोरगी अक्षराला जास्तच शेपूट काढायला लागली की ते लांबूनच विचारत, “कुणासाठी?” तेवढ्यानं ब्रश थांबायचा.

या गोष्टीचा बोध असा. जी वस्तू वाटेवर ठेवायची, ती ज्याला तिची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्या मापानं करावी. दमलेल्याच्या, घाईत असलेल्याच्या, कमी शिकलेल्याच्या. त्याला जमलं म्हणजे बाकी सगळ्यांना जमतंच. हे फक्त पाटीपुरतं खरं नाही. जो अर्जाचा नमुना छापतो, जो दवाखान्याची वाट दाखवणारी खूण काढतो, जो शाळेत गणित समजावतो, जो कायद्याची भाषा लिहितो, त्या सगळ्यांच्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी एक माय पिशव्या घेऊन अंधारात उभी असते. तिला कुणापुढं मान खाली घालून विचारावं लागलं नाही, तर काम नीट झालं असं समजावं.

आणि ज्यांनी असं काम केलं त्यांच्याकडं आपण थांबून बघावं. आपल्या गावाच्या भिंती, दारं, दगड आणि पाट्या कुणीतरी आपल्यासाठीच मापून, हात टेकवून काढलेल्या असतात. त्या बघायला फार खर्च लागत नाही. सायकल काढावी, मान मोकळी ठेवावी, आणि दिसेल त्या कामापुढं एक पाय टेकवून विचारावं: हे कुणासाठी काढलंय? ज्या गावातली पोरं हा प्रश्न विचारायला शिकतात, त्या गावातलं पुढचं काम आपोआप चांगलं होतं.